जाईचे कान आणि मौनमहाराजांचा हॉल

शिरवणे गावातल्या त्या हॉलमध्ये दर गुरुवारी मुंगी शिरायला जागा नसे, तरी शांतता अशी की टाचणी पडली तर ऐकू यावी. मौनमहाराजांचा नियमच होता: खिडक्या बंद, पंखे बंद, मोबाइल बंद, खोकला आला तर बाहेर. महाराजांनी तीन वर्षांच्या जाईला समोर बसवलं आणि दाढीतून सावकाश म्हणाले, "जाई, फूल दे." जाईनं फूल दिलं. बायकांनी पदरानं डोळे पुसले. घरी घसा फाटेस्तोवर हाका मारा, ही पोर ढिम्म!

जाईच्या आईला, सुचिताला, मात्र रडू आलं ते रागानं. तळवलीच्या त्यांच्या घरी, ऐन ठाणे-बेलापूर रस्त्यावर, पोरीचे कान पुन्हा बंद व्हायचे. महाराजांकडे निदान तयारच होतं. दोष घराच्या जिन्यात आहे, तो पाडा. आणि डॉक्टरची पायरी चढलात तर कृपा आटेल. सासरे वामनशेठ, शेती जाऊन चाळींचे मालक झालेले, त्यांनी जिना पाडायला माणसं सांगूनही ठेवली. जन्मल्यावर मशीननं कान चांगले दाखवले होते, मग हे बाहेरचंच असनार, असं त्यांचं म्हणणं.

पण पोर अजून 'आई' म्हणत नव्हती. सुचिता गुपचूप वाशीला गेली. तिथं कान तपासणाऱ्या ऋता मॅडमनी झोपलेल्या जाईच्या डोक्याला वायरी लावून तपासलं. जन्मावेळची जबर कावीळ कानाच्या नसेला भोवली होती. जुन्या मशीननं फक्त आतला कान पाहिला, तो ठीकच होता. पुढं मेंदूकडे जाताना आवाज विस्कटत होता. शांत खोलीत सावकाश बोललेलं ही पोर थोडंफार जुळवते, गोंगाटात सगळा काला. यंत्र, थेरपी, हातांच्या खुणा, लागलं तर ऑपरेशन, उपाय आहेत. फक्त उशीर नको, मॅडमनी बजावलं.

पुढच्या गुरुवारी महाराजांनी तोंड उघडलं आणि सुचितानं उठून खिडकी सरकवली. ट्रकांची घरघर हॉलभर पसरली.

"जाई, फूल दे." जाई नुसती बघत राहिली. बाधा आत शिरली, महाराज म्हणाले. सुचितानं खिडकी लावली. जाईनं फूल दिलं. पुन्हा उघडली, पुन्हा ढिम्म.

"ही कसली बाधा हाय, महाराज, जी काचेला घाबरते?"

महाराज गप्प. आयुष्यात पहिल्यांदाच ते नावाला जागले.

वाशीच्या मॅडमनी काय सांगितलं ते सुचितानं सासऱ्यांना तिथंच सांगून टाकलं. वामनशेठ उठले. स्वतःच्या हातानं खिडकी उघडून, लावून, त्यांनी नातीला दोन-तीनदा हाक मारून पाहिली. मग तिला कडेवर घेतलं. "जिना पाडून काय व्हनार व्हता?" ते पुटपुटले, आणि सुनेला म्हणाले, "चल, तुझ्या त्या मॅडमकडं."

तर मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडायची घाई नको. जिथं तो घडतो तिथली एखादी गोष्ट बदलून बघा. आणि पोर बोलत नसेल तर महाराज गाठू नका, कानापासून मेंदूपर्यंतची पुरी तपासणी करून घ्या. गुरुवार दर आठवड्याला येतो. पोरीचं तिसरं वर्ष पुन्हा येत नाही.