पहिलं दळण

रत्नागिरीला मांडवीच्या बंदरावर पडावातून आप्पांची नवी मोटार उतरली, तेव्हा अर्धं गाव बघायला लोटलं होतं. नारळ फुटला, चाकांना हळदकुंकू लागलं, पुढच्या नाकाडावर झेंडूची माळ चढली. सगळ्यांचे डोळे तिच्या दिव्यांवर खिळले होते. तिचा ड्रायव्हर महिपत तेवढा मान वाकडी करून इंजिन ऐकत होता.

मुंबईत परळच्या एका कारखान्यात सात वर्षं हात काळे करून तो परतला होता. निघताना तिथल्या उस्तादाने एकच गोष्ट कानात घातली होती. "नवं इंजिन पाचशे मैल रुळू दे. तोवर ताशी विसाच्या वर नेऊ नकोस, चढणीला दामटू नकोस." कशासाठी, ते मात्र सांगितलं नव्हतं. उस्तादाला कशासाठी असं विचारायचं नसतं.

रत्नागिरी ते पाली, उतारूंची रोज एक फेरी, जाऊन-येऊन पंचवीस मैल. म्हणजे वीस दिवस. महिपत ते वीस दिवस उपासासारखे पाळत होता. वाटेतल्या हातखंब्याच्या चढणीला मोटार अशी चाले, की वाटेवरच्या बाया डोक्यावरचे भारे न उतरवता तिच्याशी बोलत बोलत चढत. मागून त्याच वाटेवर उतारू नेणारी दाजींची जुनी मोटार खडखडत यायची, तांबडा धुरळा उडवायची आणि पुढे निघून जायची. जाताना तिच्यातली माणसं खिडकीतून हात काढून टाटा करत.

"महिपत, उतरून ढकलू काय रे जरा?" मिरकरवाड्याची सोनूबाई मासळीची पाटी मांडीशी धरून ओरडायची. "ताजे बांगडे घेऊन बसले मी. पालीत पोचेस्तोवर सुकट व्हायची त्यांची, मेल्या!"

सगळी मोटार हसायची. महिपतही हसायचा, पण स्टिअरिंगवरचे हात घट्ट व्हायचे.

हळूहळू माणसं हसायची थांबली आणि दाजींच्या मोटारीत बसायला लागली. दहाव्या दिवशी, सोमवारी, परतीच्या फेरीत आप्पांनी घरासाठी मागवलेलं नवं जातं पालीहून आलं. घाटावरच्या काळ्या दगडाचं, चांगलं जड. ते अंगणात उतरवून घेताना आप्पांनी महिपतला हटकलं.

"आज मोटारीत माणसं किती?"

"नऊ."

"आणि दाजीच्यात?"

महिपत जातं सरळ करू लागला.

"मोटार घेतली ती पळवायला, का मिरवायला? उद्या पालीचा बाजार. उद्या दाजीच्या आधी पोचलास तर चाक तुजं. नाय तर परवापासनं क्लीनर सदू चालवील. तो तयारच हाय."

"आप्पा, रुळू द्या वो तिला. अजून निम्मं व्हायचं हाय."

"रुळायला ती काय नवी नवरी हाय? लोखंड हाय ते! लोखंडाला कसलं माहेर नि कसलं सासर?"

घरी जाताना वाटभर तो मनाशीच वाद घालत राहिला. उस्ताद चुकीचा असला तर? आपण नुसतं भ्यायलो असलो तर? उद्या दामटली आणि काही झालं नाही, तर आप्पा खरे. आणि बिघडली, तर ती दामटल्यानेच बिघडली हे तरी कुणी सांगावं? एकाच इंजिनाला दोनदा नवं होता येत नाही. एकदा असं, एकदा तसं करून बघायची सोयच देवाने ठेवलेली नाही.

मंगळवारी सकाळी तो मोटार घ्यायला आला तेव्हा आप्पा पडवीत न्याहारीला बसले होते. आज ते स्वतः पुढच्या बाकावर बसून येणार होते. आत आवडाबाई, त्यांची बायको, जात्याशी होती. जात्याची घरघर अजून कोरडी आणि कर्कश होती. तिच्यातून वाट काढत आवडाबाईंचा बारीक आवाज येत होता:

*नव्या गं जात्याला, घास घालिते बेताचा*
*खरखर सरू दे आधी, मग सूर गं ओवीचा*

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि दातांत काहीतरी कचकन वाजलं. त्यांनी गाल धरला.

"खडे दळलेस काय गो?"

घरघर थांबली. आवडाबाई पदराने पीठ झटकत दारात आल्या.

"मी काल काय सांगत होते? नव्या जात्यावर आधी कोंडा दळायचा. पहिलं दळण जात्याचं, ते टाकायचं. दुसरं गुराचं. तिसरं आपलं. तर तुम्ही म्हणालात, कोंडा नि बिंडा कशाला, नाचणी घाल, उद्या मला लवकर निघायचंय. खा आता घाटावरचा दगूड."

अंगणात उभा असलेला महिपत तसाच राहिला. दगडावर दगड फिरतो, एकमेकाची खरखर एकमेकाला लागते, ती भुकटी होऊन पिठात उतरते. मग दोन्ही दगड एकमेकाला जमतात, तेव्हा कुठे पीठ पिठासारखं. इंजिनात लोखंडावर लोखंड, आणि भुकटी उतरते ती तेलात. उस्तादाला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दारात पदर झटकत उभं होतं.

त्याने पडवीखालचं जुनं घमेलं ओढलं आणि मोटारीकडे निघाला. इंजिन थोडा वेळ चालवून गरम केलं, बंद केलं आणि खाली शिरून तेलाचं बूच काढलं.

"अरे, ही काय वेळ हाय?" आप्पा हातातली भाकरी टाकून धावले. रस्त्यावरून दाजींच्या मोटारीचा भोंगा वाजला. "ऐकलंस? निघाला तो! चाक गेलं तुजं, महिपत!"

"जाऊ दे," गाडीखालून आवाज आला. सदू तिला कशी दामटील, हे महिपतला ठाऊक होतं.

पाटी डोक्यावर घेऊन सोनूबाई फाटकातून आत आली. "आज तर निघतच नाय वाटतं! आप्पा, बांगड्यांना माती द्यायची का हितंच?"

कुणी हसलं नाही. महिपत घमेलं घेऊन बाहेर आला. तेल काळंभोर झालं होतं. ते उन्हात कलतं धरताच त्यात बारीक चमचम दिसली, वाळूत अभ्रक चमकतं तशी.

"आप्पा, बोट घाला."

"कशापायी?"

"घाला तर."

आप्पांनी नाखुशीने दोन बोटं बुडवली आणि अंगठ्यावर चोळली. मग थांबून पुन्हा चोळली. त्यांची जीभ नकळत न्याहारीला कचकचलेल्या दाताकडे गेली, हे महिपतला गालावरून दिसलं.

"कचकचतं," आप्पा म्हणाले.

"पहिलं दळण हाय आप्पा. ते टाकायचं." महिपतने मान खाली घातली. "दामटली असती तर मोडलीच असती, असं मी देवाशपथ सांगू शकत नाय. पण हे तेल तसंच पोटात ठेवून चढणीला पळवायची, तर माज्या हातानं नाय व्हायचं. चाक सदूला द्या."

आप्पांचा हात धोतराकडे वळला. दारातून आवडाबाई एवढंच म्हणाल्या, "ती बोटं धोतराला पुसू नका."

नवं तेल घालून मोटार निघाली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आत सहा माणसं, सोनूबाई आणि तिची पाटी. आप्पा पुढे बसले होते. चाकाबद्दल ते काहीच बोलले नव्हते आणि महिपतने विचारलं नव्हतं. चढण लागली तशी मोटार आपल्या चालीने वर चढू लागली. भारेवाल्या बाया बाजूला आल्या.

समोरून दाजींची मोटार पाली करून परत येत होती. तिच्यातून हात निघाले. कुणीतरी ओरडलं, "आप्पानू, झोप झाली का?"

महिपतचा पाय जागच्या जागी शिवशिवला.

"पाय हलवू नको," आप्पा पुढे बघत म्हणाले.

मागून सोनूबाई करवादली, "अवो आप्पा, कधी पोचायचं आपण?"

आप्पांनी मान वळवली. "गप बस गो. अजून गुराचं दळण चाललंय. आपलं व्हायला धा दिवस हायेत. तोवर हाच दळील."

महिपतने कान इंजिनाकडे लावला. खरखर अजून होती. पण तिच्याखाली कुठेतरी, बेताच्या घासाला जात्यातून यावा तसा, एक सूर लागू पाहत होता. की तो आपल्यालाच ऐकू येतोय, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं. काटा विसाच्या पुष्कळ खाली ठेवून तो वर चढत राहिला.