वाटंवरचा म्हसोबा

शंभूराज मोटारसायकल लावून दारात आला, पायातल्या चपला काढल्या आन "काकी, बऱ्या हाय ना?" म्हणला, तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सख्ख्या दिराचं पोरगं, पर सरपंच झाल्यापसनं ह्यानं माझ्या दारात चपला काढल्या नव्हत्या. हुबं राहून बोलायचं, फोनवर बोटं फिरवायची आन चालू पडायचं. आज चपला काढल्या म्हंजे काय तरी न्यायला आलाय, हे मी वळखलं.

"सरकारचा निधी मंजूर झालाय," त्यो म्हणला. "पर्यटनाचा. आपल्या वाडीला. पाण्याच्या कडंला पाखरं बघायला मनोरा बांधायचा, फरशी, बाकडी, संडास. बायकांच्या बचत गटाला भाकरी-मासळीचा स्टॉल. पुण्या-मुंबईची माणसं येत्याल."

"पाखरं बघायला?"

"व्हय. ते रोहित पक्षी."

आगं बया! ती लांब पायाची लाल-पांढरी पाखरं दर हिवाळ्यात येत्यात, चिखलात चोची खुपसून हुबी ऱ्हात्यात. माझी मेंढरं शेजारी पाणी पित्यात, ती मान बी वर करत न्हाईत. आता त्यांच्यासाठी सरकार मनोरा बांधणार म्हणं. मी काय एवढी खुळी न्हाय.

"बांधणार कुठं?" मी इचारलं.

"आपल्या पाणवठ्याच्या उताराला."

आमच्या वाडीला उजनीचं पाणी लागून हाय, पर पाण्यात उतरायला जनावरांची वाट एकच. दोन्ही अंगांनी ऊस. उसाच्या बांधावर मेंढरू दिसलं की मालक काठी घिऊन येतो. दुसरी वाट पुलावरनं, दोन कोस लांब. उन्हाळ्यात कोकरं तितवर जगायची न्हाईत. एके काळी आमच्या घरटी मेंढरं हुती, आता घरटी ऊस हाय. मेंढरं राखणारी मी एकटी, बेचाळीस नग. लेक माळेगावच्या कारखान्यात हाय, त्यो सारखा म्हणतो, आई, विकून टाक. ही वाट गेली की मला विकावीच लागत्याल. आन मेंढरं गेल्यावर ही सारजा काय करणार, सुनंच्या हातचा चहा पीत भिंतीला टेकून बसणार?

"काकी, तुमच्या वाटंला धक्का लागणार न्हाय," शंभूराज म्हणला.

झालं! हेच बोलणं मी आधी ऐकलं हुतं. नवी नवरी हुते तवा धरणाच्या मोजणीला साहेब आला, टोपी काढली आन सासऱ्याला म्हणला, तात्या, तुमच्या जनावरांच्या वाटंला धक्का लागणार न्हाय. न्हाईच लागला. ती वाट अजून हाय तितंच हाय, चाळीस फूट पाण्याखाली. गाव बी तितंच हाय, म्हसोबाचं देऊळ बी.

शंभूराजनं बारामतीतनं काढून आणलेला रंगीत नकाशा पसरला. मला वाचता येत न्हाय. माझी सून प्रतिक्षा वाकून बघाय लागली.

"आत्याबाई, हितं तुटक रेघ हाय. 'जनावरांसाठी मार्ग' असं लिवलंय बगा."

बरूबर. बचत गटाची अध्यक्ष कोण? प्रतिक्षा. स्टॉल कुणाला मिळणार? प्रतिक्षाला. मंग ती दुसरं काय वाचणार? कागदावर काय बी काढता येतंय. मी नकाशाची गुंडाळी करून शंभूराजच्या हातात दिली आन म्हणलं, "चहा घिऊन जा."

आठ दिवसांनी साहेब आला, मोजायचं यंत्र घिऊन. उताराच्या तोंडाशी, माझ्या वाटंच्या ह्या अंगाला एक आन त्या अंगाला एक, असं दोन दगड रोवले. पांढरा रंग मारला. वर काळे आकडे, सात आन आठ, प्रतिक्षानं सांगितलं. मी लांबनं बघत हुते. दोन अंगाला दोन दगड म्हंजे काय, हे सांगायला शाळा शिकावी लागत न्हाय. दाराच्या चौकटी! उद्या हितं फाटक बसणार, फाटकाला कुलूप, आन चावी शंभ्याच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी त्यो रस्त्यात गावला. बारामतीला एमआयडीसीत कामाला जातो त्यो, पाळी गाठायची घाई. "ते दगड कशाचे रं?" मी आडवी झाले.

"काकी, तुमच्याच वाटंचे. संध्याकाळी येऊन नीट सांगतो." आन गेला की धुरळा उडवत. संध्याकाळी आला न्हाय. येईल कशाला? तोंड हाय का?

मंग मी ठरवलं. सकाळी चाँदभाईच्या दुकानात गेले. वाडीत दुकान एकच, गुळापसनं कुंकवापतुर समदं त्याच्याकडंच. त्याचा बाप आन माझा सासरा एका गाडीतनं बाजाराला जायचे.

"शेंदूर दे," मी म्हणलं.

"एवढा? बिरोबाची जत्रा तर लांब हाय, आक्का."

"तुला काय करायचंय? वजन नीट कर."

गोडं तेल घरचंच हुतं. मेंढरं पाण्यावर सोडली आन सात नंबरच्या दगडाला वरनं खालपतुर शेंदूर फासला. आकडा झाकला, पांढरा रंग झाकला. दोन डोळं ठेवलं. चिमूटभर भंडारा टाकला, रुईची पानं वाहिली आन काय बी झालं न्हाय अशी मेंढरामागं निघून गेले. मोजणीचा दगड कुणी बी उपटतो. शेंदूर लागलेला उपटायची छाती आमच्या पंचक्रोशीत कुणाची न्हाय. जेसीबीवाला सुदिक खाली उतरून पाया पडतो आन वळसा घालून जातो. आता बांधा म्हणलं फाटक!

तिसऱ्या दिवशी दगडापुढं उदबत्ती दिसली. मंगळवारी नारळ. मला हसू आवरंना. मंग वाडीतली नकोशी नावाची म्हातारी आली, माझ्यापेक्षा दहा वर्सांनी थोरली. दगडापुढं बसली आन हुंदकं देऊन रडाय लागली.

"आगं सारजे, आपल्या जुन्या गावचा म्हसोबा ह्यो. पाण्यात गेलेला. वर आला गं बाई! आपल्याला हुडकत आला."

माझं हसू तितंच इरलं. तिला खरं सांगावं असं एकदा वाटलं. पर सांगितलं असतं तर शेंदूर पुसला असता, म्हणून गप ऱ्हायले. दोन दिवसात समद्या वाडीत झालं, म्हसोबा वर आला. भगवा झेंडा लागला. बाया नवस बोलाय लागल्या.

आता एक सांगते, कुणाला सांगितलेलं न्हाय. माझा खंड्या, घंटा बांधलेला म्होरक्या बकरा, एक दिस वलं गवत खाऊन फुगला. पाय ताणून आडवा झाला, डोळं फिरवलं. मी तेल पाजलं, पोट चोळलं, काय बी उपेग न्हाय. भर दुपारी उतारावर मी एकटी. म्हसोबा समूर हुता. मी रोवलेला न्हाय, पर मी रंगवलेला. आन माझ्या तोंडातनं गेलं, "देवा, माझा खंड्या उठीव, तुला नारळ देते." घटकाभरानं खंड्या उठला. आता तेलानं उठला का कशानं, मला काय ठावं? दुसऱ्या दिवशी मी नारळ फोडला.

म्हैन्याभरानं तारंचं कुंपण आलं. त्याच दिवशी शंभूराज आला. उंबऱ्यावरच बसला, मान खाली घालून.

"काकी, तुमची वाट गेली."

"गेली म्हंजे?"

"ते दोन दगड मी भांडून रोवून घेतले हुते. सातपसनं आठपतुर बारा फूट मोकळं, तितं तार न्हाय लागणार, मेंढरं जाणार. साहेब न्हाय म्हणत हुता, तरी मी लिवून घेतलं. त्या दिवशी संध्याकाळी तुमच्याकडं यायचं ऱ्हायलं, कामावरनं सुटल्यावर साहेबानं रातपतुर बसवून ठेवलं ते त्यासाठीच. आता साताचा दगड गेला आन त्या जागी देव निघाला. साहेबाला लई आवडलं. पाण्यातनं वर आलेला देव, पर्यटक बघायला येत्याल म्हणतो. त्याच्याभोवती कट्टा, फरशी, कठडा. देवापुढनं जनावरं न्यायची न्हाईत, लेंड्या पडत्यात. ग्रामसभेत समद्यांनी हात वर केले. मी एकटा काय करू?"

"आरं मंग आधी सांगायचं न्हाय?"

"सांगितलं की. घरी येऊन सांगितलं, नकाशा दाखवला, रस्त्यात सांगितलं. तुमी ऐकलं का?"

सांगितलं हुतं. तीनदा सांगितलं हुतं. मला अशी लाज वाटली की धरणी पोटात घेईल तर बरं. पर लाज धरून मेंढरांना पाणी मिळत न्हाय.

"शंभूराज, बाळा," मी म्हणलं, "देव-बिव न्हाय त्यो. शेंदूर मी लावला."

त्यानं मान वर केली आन माझ्याकडं बघितलं. अशा नजरंनं मी त्याच्याकडं कैकदा बघितलं हुतं. माझ्याकडं तसं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"काकी, वाट पाहिजे म्हणून देवाला खोटं पाडताय व्हय?"

"आरं माझ्या हातानं लावलाय! चाँदभाईला इचार, त्याच्याकडनं नेलाय."

तसाच हाताला धरून त्याला दुकानात नेला. चाँदभाई गूळ फोडत हुता. समदं ऐकून घेतलं त्यानं. दुकानात तीन-चार माणसं हुती, ती बी कान दिऊन ऐकाय लागली.

"आक्का दर साली शेंदूर नेती," त्यो म्हणला. "नेऊन काय करती ते मला कसं ठावं?"

"चाँदभाई!" मी वरडले.

त्यानं गुळाचा खडा ताटलीत ठेवला, जवळ आला आन हळू आवाजात म्हणला, "आक्का, ह्या गावचा देव खरा का खोटा, हे मी सांगायचं? माझ्या तोंडानं? तूच इचार कर."

मी इचार केला. त्याच्यावर राग धरायला जागाच नव्हती. त्याला असल्या पेचात घातलं त्याचंच वाईट वाटलं.

भाईर आल्यावर शंभूराज म्हणला, "काकी, शेंदराखाली साताचा आकडा असंल, तर एकच उपाव हाय. उद्या समद्यांम्होरं खरवडून दाखवा. आकडा निघाला की तितल्या तितं कट्टा थांबवतो, तुमची वाट मोकळी. साहेबाचं मी बघून घेतो."

"तू खरवड की, सरपंच हाईस."

त्यो दोन पावलं मागं सरकला. "मी? न्हाय काकी. घरात लेकरं हायत माझ्या."

दुसऱ्या दिवशी समदी वाडी उतारावर गोळा झाली. मिस्त्री थापी घिऊन थांबला हुता. माझ्यामागं बेचाळीस मेंढरं, म्होरं खंड्या, घंटा वाजवत. कालपसनं त्यांना हापशाचं पाणी बादलीनं पाजलं हुतं, ते कुणाला पुरणार? समूर पाणी दिसत हुतं, कडंला पाखरं हुबी हुती. मी खुरपं काढलं. बाया "आगं आगं" करत मागं झाल्या. नकोशीनं पदर तोंडाला लावला.

"करा काकी," शंभूराज हळूच म्हणला.

मी दगडापुढं बसले. म्हैन्याभरात शेंदूर बोटभर जाड झाला हुता. माझा थर तळाला, वर नकोशीचा, प्रतिक्षाचा, समद्या वाडीचा. पर खाली आकडा हाय. एवढं मला ठाऊक हुतं. जगात दुसऱ्या कुणाला नसंल, मला पक्कं ठाऊक हुतं. एक फटकारा मारला की वाट मोकळी.

मागं खंड्याची घंटा वाजली. मी वळून बघितलं. त्याच उतारावर त्यो पाय ताणून पडला हुता, आन त्याच उतारावर उठून हुबा ऱ्हायला हुता.

मी खुरपं उचललं. हात वर गेला आन तितंच ऱ्हायला. खाली येईना. "काकी, अवो मारा की!" शंभूराज म्हणला. त्याचा आवाज रडवेला झाला हुता. मला बी रडाय येत हुतं.

मी खुरपं बाजूला ठेवलं, डोक्यावरनं पदर घेतला आन दगडापुढं हात जोडले.

बायांनी म्हसोबाच्या नावानं चांगभलं केलं. मिस्त्रीनं पहिली वीट लावली. मी उठले आन खंड्याच्या गळ्यातली दोरी धरून मेंढरं माघारी वळवली. ती वळंनात. पाण्याकडं तोंड करून वरडत ऱ्हायली.