नळीबरोबरची चिठ्ठी

बुरशीबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. पुढे त्या डॉक्टरबाई स्वतःच फोनवर तेच सांगू लागल्या. माणसांच्या नखांत, फुप्फुसांत, डोळ्यांत वाढणाऱ्या बुरशीचा त्यांनी तीस वर्षं अभ्यास केला आणि चारेकशे जिवंत नमुने काचेच्या नळ्यांत घालून एका गार कपाटात लेकरांसारखे जपले. आता त्या निवृत्त होणार होत्या. कपाट ठेवायचं की नळ्या भट्टीत घालायच्या, हे समिती ठरवणार होती. समितीला हवा होता आकडा: बाईंच्या संशोधनाचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला?

मोजायचं काम कॉलेजच्या ग्रंथपालबाईंकडे आलं. त्यांच्या ताईच्या डोळ्यात महिनाभर भलतेच थेंब पडत होते, तेव्हा खरं दुखणं ओळखलं ते बुरशीबाईंनी. ताई आजही सुईत दोरा ओवते आणि चष्मा लागत नाही हे वर ऐकवते. म्हणजे मोजणारीचं मन आधीच एका बाजूला कललेलं. म्हणून ग्रंथपालबाईंनी हात आखडून, दोनदा मोजलं. दोन्ही वेळा एकशे अठ्ठावीस. अट तीनशेची.

तो आकडा घेऊन त्या जड पावलांनी प्रयोगशाळेत गेल्या. बुरशीबाई कुठल्याशा परक्या हॉस्पिटलसाठी एक नळी कापसात गुंडाळत होत्या. मागेल त्याला नळी, हा त्यांचा शिरस्ताच. एवढ्या लोकांना नळ्या जातात, मग ते तुमचा संदर्भ का देत नाहीत, असं ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"मीच नको म्हणते. नळीबरोबर चिठ्ठी असते ना. संदर्भ-बिंदर्भ राहू द्या, वाटलं तर शेवटी आभारात एक ओळ टाका. उगाच मिरवायचं कशाला?"

"मॅडम, तुमच्या या भिडेपायी कपाट भट्टीत चाललंय."

कॉम्प्युटर संदर्भांची यादी मोजतो. आभार कोण वाचतं? ग्रंथपालबाईंनी वाचले. तीन आठवडे त्या नळ्या नेलेल्या लोकांच्या एकेका शोधनिबंधाचं शेवटचं पान उघडत राहिल्या. कुणी कोरडी ओळ लिहिली होती. एकानं लिहिलं होतं, की नळी पोचली तेव्हा आमच्या वॉर्डात चौघं जण निदानाची वाट बघत होते, आणि चौघंही घरी गेले. तिथं त्या जरा थांबल्या, नाक पुसलं आणि पुढचं पान उघडलं. एकूण चारशे बारा भरले.

समितीत डीन म्हणाले, आभार तक्त्यात बसत नाहीत. ग्रंथपालबाई म्हणाल्या, बसवू नका, नुसते वाचा.

यादीत पहिलाच निबंध डीनसाहेबांचा निघाला. मुद्दाम वर ठेवलेला नव्हता. वर्षवारीनं सगळ्यांत जुना तोच होता. आपलीच सव्वीस वर्षांपूर्वीची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"मी यांचा संदर्भ दिला नव्हता?"

"नाही सर. आभार मात्र अगदी मनापासून मानलेत."

कपाट राहिलं. ते सांभाळायला एक माणूसही मिळालं.

समितीचं पत्र घेऊन बुरशीबाई लायब्ररीत आल्या. तुमचे उपकार कसे फेडू, असं काहीसं पुटपुटल्या. ताईचा डोळा आठवतो का, असं ग्रंथपालबाईंनी विचारलं, तर त्यांना ताई आठवेना. बुरशी कोणती होती ते मात्र चटकन आठवलं.

ग्रंथपालबाईंनी नवी टाइप केलेली चिठ्ठी पुढे सरकवली: या नमुन्याचा संदर्भ द्यावा, ही विनंती.

बुरशीबाईंनी ती वाचली, मान डोलावली, पेन काढलं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'सवड झाल्यास.'

ग्रंथपालबाईंनी त्यांच्यादेखतच ते खोडलं.