माझी काही भूल नाही

साहेब, माझ्या कागदावर बरोबरची खूण तुम्ही केलीत, मी नाही. दवाखाना तुमचा असेल, जबडा माझा आहे.

चूक माझ्याकडूनही झाली, ती आधीच सांगून टाकते. मी चादरी शिवायच्या कारखान्यात कामाला. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन भिंतीवरच्या नोटिसांनी शिकवलं. तिथे सुई मोडली तरी खुलासा मागतात: भूल कोणाची? तीन ओळींत, सहीसकट. म्हणून तुमच्या फॉर्मवर 'भूल' दिसलं, पुढे तीन चौकोन, आणि मी सवयीने ठणकावून लिहिलं: 'माझी काही नाही.'

खिडकीतली कारकूनबाई इतकी हसली की तिला चष्मा पुसावा लागला. पण तिने समजावलं तरी. एक, इंजेक्शन देऊन तेवढीच जागा बधिर. दोन, शिरेतून गुंगी. तीन, पूर्ण झोप.

"मग दोन," मी म्हटलं. "मागच्या दाढेला इंजेक्शन चढलंच नव्हतं मला."

"ते डॉक्टर विचारतील हं."

तुम्ही विचारलं नाहीत. एकवर खूण केलीत आणि मोकळे झालात. दाढ आडवी, हाडात रुतलेली, हिरडी टरारून सुजलेली.

इंजेक्शन टोचून तुम्ही पकड लावलीत, तशी मी हात वर केला. "दुखतंय."

"दुखत नाहीये. नुसता दाब जाणवतोय तुम्हाला."

मला काय जाणवतंय ते तुम्ही मलाच सांगणार! तोंडात तुमची बोटं होती म्हणून वाचलात. तिसऱ्यांदा पकड लावलीत तेव्हा मी तुमचं मनगट धरलं, बाजूला सारलं आणि खुर्चीतून उतरले. गळ्यात तो कागदी रुमाल तसाच, हनुवटीवर लाळ.

बाहेर बाकावर माझी ताई. "काय गं, निघाली का अक्कलदाढ?"

"नाही. अक्कल ठिकाणावर आहे."

ती हसली, मग माझं तोंड बघून त्याच कागदी रुमालाने माझी हनुवटी पुसू लागली.

तुम्ही कागदावर लिहिलंत, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' वाचलं मी. दाढ अजून तोंडातच आहे, सोमवारी परत येतेय. पेन घरून आणणार आणि खूण माझ्या हाताने करणार. गुंगी मला चालणार नसेल तर का नाही ते तोंडावर सांगा, ऐकून घेईन. पण त्याआधी आमच्या कारखान्याच्या रीतीने खुलासा द्या. तीन ओळींत, सहीसकट.

भूल कोणाची?