बाबांची जीन

"हा जीन तुम्हाला वडिलांकडून आलाय," चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले. माझ्या कोलेस्टेरॉलचा आकडा त्यांना आधी मोबाइल नंबर वाटला होता. बाबा ऐन तरुणपणी गेले ते ह्याच जीनमुळे. नसा कडक होतात, सैल व्हायचं विसरतात.

"मंग उपाय का जी?" आईनं विचारलं.

"सध्या गोळ्या. पुढेमागे जीनच बदलता येईल. चांगला जीन घातला की नसा पुन्हा मोकळ्या होतात. सशांमध्ये जमलंय."

म्हणजे रांगेत ससे माझ्या पुढे होते.

दुसऱ्या दिवशी दुकानातून घरी आलो तर ती नव्या स्टीलच्या डब्यात तांदूळ भरत होती.

"डबा कुठचा?"

"बाबाची जीन देल्ली भांडेवालीले."

बाबांची जीनपँट! झाडीपट्टीच्या नाटकात हिरोचं काम मिळालं तेव्हा वडशाहून आणलेली. आई दरवर्षी तिला ऊन दाखवून परत पेटीत ठेवायची. मी एकदा चोरून घातली, तर थापड खाल्ली होती.

"काऊन देल्ली?"

"डाक्टर म्हणे ना, बाबाकडून जीन आली. त्यायनं घातली, त्यायले झालं. तू घातली, तुले झालं. आता ढिल्ली घे एखादी."

तर्कात कुठंच भोक नव्हतं. मी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात रिकाम्या पेटीवरचा तिचा हात दिसला.

"आई, तो जीन रक्तात असते. पँटीत नाई."

"मंग पँटीचा गुन्हा नव्हता?"

"नाई."

ती खालीच बसली. "अजून त्यायचा वास होता रे तिले."

मी डबा रिकामा करून निघालो. डॉक्टरांनी धावायला मनाई केली होती, म्हणून भरभर चाललो. ते धावण्यापेक्षा वाईट दिसतं. भांडेवाली राइस मिलपाशी सापडली.

"डबा वापस नाई घेत भाऊ. तांदूळ भरला त्यात. जीन पाह्यजे त जीन दे."

माझ्याकडे एकच होती, अंगावरची. कोंड्याच्या ढिगाआड गेलो. जीन बदललेला बहुधा मी पहिलाच माणूस. भूल नाही, नुसता आडोसा. तोही चुकून बापाचाच परत बसवून घेतला. कमरेला अगदी बरोबर बसला.

घरी पोचलो तेव्हा आई चुलीपाशी वाकलेली होती. दारात तिला माझे गुडघ्यापर्यंतचे पाय तेवढे दिसले. तिनं मान वर न करता डोक्यावर पदर घेतला.

"आलात जी? हातपाय धुवा, भात टाकतो."

मी गावभर बडबड्या म्हणून प्रसिद्ध. पण उंबरठ्यावर गप्प उभा राहिलो. बोललो असतो, तर तो मीच निघालो असतो.