कंसातलं नाव

वडील गेले आणि समर्थच्या लक्षात आलं, की जुनं काही विचारायचं तर आता घरात कुणी उरलंच नाही. आई आधीच गेली होती. गाव तिकोणा पेठ. पण समर्थचा जन्म, शाळा, नोकरी सगळं लोणावळ्यात. मग त्याने कागदांना विचारायला सुरुवात केली.

रजा टाकून त्याने वडगावच्या तहसील कचेरीत खेपा घातल्या. जुने फेरफार, सातबाराचे उतारे, यांच्या नकला जमवल्या. त्यातून घराण्याची पाच पिढ्यांची वंशावळ उभी केली आणि इंटरनेटवर एक स्मृतिपान तयार केलं. प्रत्येक नावाला हाराचं चित्र आणि पुढे एक पणती. बोट लावलं की ती पेटायची. सर्वपित्रीच्या सकाळी त्याने ते पान नातेवाइकांना आणि गावातल्या ओळखीच्या लोकांना पाठवलं.

मोठी बहीण राजेश्वरी तळेगावहून जेवायला आली होती. गुरुवारी दोघांना वडगावला जायचं होतं. वडिलांच्या जमिनीला वारस म्हणून दोघांची नावं लागली होती. राजेश्वरी आपलं हक्कसोडपत्र करून देणार होती. "घरोघरी असंच करतात," असं दोघंही म्हणत आणि विषय तिथेच संपवत.

ताटं वाढून होतायत तोच गावाहून चाँदभाईंचा फोन आला. ते समर्थच्या आजोबांचे, दत्तोबांचे शेजारी.

"समर्था, आमच्या नातीनं, सुमय्यानं मला मोबाइलमधी दावलं. लय झ्याक केलंस बाबा. पन सरुबाईला कवा मारलीस?"

"म्हणजे?"

"म्हंजी काय? तुज्या आज्याची धाकली भन! कान्हे गावात दिलीय. परवा दवाखान्याच्या रांगेत मलाच ढकलून म्होरं गेली!"

समर्थने घाईघाईने उतारा काढला. पणजोबा महिपतींच्या मागे दत्तोबा आणि सरुबाई अशी दोन नावं लागली होती. दोन्ही कंसात. माणूस वारलं, की त्याचं नाव कंसात जातं, एवढंच समर्थला ठाऊक होतं. म्हणून कंसातलं प्रत्येक नाव त्याने मृतांमध्ये उतरवलं होतं. हक्क सोडला तरी तसाच कंस पडतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"चौदा जणांनी दिवा लावलाय रे तिला," राजेश्वरी पान बघत म्हणाली. "त्यात मीही आहे."

जेवण उरकून दोघं तडक कान्ह्याला निघाली.

सरुबाई ओट्यावर घेवडा मोडत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरात वय, नजर मात्र तेज.

"आजी, मी समर्थ. तिकोणा पेठच्या दत्तोबांचा नातू. ही माझी ताई."

शेंगा मोडणारा हात थांबला. "दादाचा नातू?" त्यांनी समर्थचा चेहरा निरखला. "व्हय. नाक त्येचंच हाय."

समर्थने चूक लपवली नाही. मोबाइल पुढे धरून सगळं सांगितलं, वाचूनही दाखवलं. म्हातारी खळखळून हसली.

"जित्तेपनीच दिवा! आनि ह्यो हार? ताजा तरी हाय का रं?"

हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले.

"तुजी चूक न्हाई पोरा. लय वर्सांमागं वडगावला अंगठा दिला म्या. दादा म्हनला, सरू, कागदाचं काय घिऊन बसलीस, म्हायेर तुजंच हाय. पयल्या दोन दिवाळ्यांना न्यायला आला. मंग त्येला कामं निगाली. मंग मीबी रस्त्याकडं बघायचं सोडलं." त्यांनी पुन्हा एक शेंग उचलली. "जमीन गेल्याचं न्हाई दुखत. पन पेठंत माजं घर हुतं, ह्ये दावायला येक चिटोरंबी न्हाई माज्यापाशी."

राजेश्वरी हळूच म्हणाली, "समर्थ, गुरुवारनंतर माझंही नाव कंसातच जाणार ना?"

समर्थने नुसती मान डोलावली.

सरुबाईंनीच विचारलं, "माज्या आयचं नाव लिवलंस का?"

"नाही आजी. कागदात सापडलं नाही. 'महिपतींची पत्नी' एवढंच लिहिलंय."

"कस्तुराबाई. आनि तिची सासू रतनबाई. कागद कसा सांगंल? मला इचारायचं!"

सहा महिने तो दूरदूरच्या पिढ्या शोधत होता आणि त्या पिढ्यांना आई म्हणून, आजी म्हणून हाक मारलेलं माणूस चार गावं ओलांडून बसलं होतं. त्याने बहिणीकडे पाहिलं.

"ताई, गुरुवारी आपण वडगावला जायचं नाही!"

"अरे, पण लोक म्हणतील, बहिणीने वाटा घेतला."

"म्हणू देत. तुझं नाव आहे तिथेच राहील. माझ्या शेजारी."

"भात लावायला मी चिखलात उतरणार नाही हं," राजेश्वरी डोळे पुसत म्हणाली.

"मग तांदूळ न्यायला तरी ये."

"आंबेमोहोर असंल तर मलाबी धाडा," सरुबाई म्हणाल्या.

त्याच ओट्यावर बसून समर्थने सरुबाईंच्या नावापुढची पणती विझवली आणि तिथे लिहिलं, 'मुक्काम कान्हे'. 'पत्नी' हा शब्द दोन ठिकाणी खोडून कस्तुराबाई आणि रतनबाई ही नावं घातली.

दिवाळीत तो त्यांना माहेरी न्यायला गेला, तेव्हा सरुबाई पिशवी भरून तयार होत्या. "उशीर केलास," एवढंच म्हणाल्या आणि त्याच्या आधी रस्त्याला लागल्या.

वाचकहो, पूर्वजांची स्मृतिपानं जरूर करा, दिवेही लावा. गेलेल्यांचा मान राखणं चांगलंच आहे. पण त्यांच्या लेकीबाळींना विसरून तो राखला जात नाही. तेव्हा आधी आपापल्या घरातले उतारे काढा आणि त्यांतले कंस नीट बघा. एखादी आत्या, एखादी बहीण तिथे अजून रस्त्याकडे डोळे लावून बसलेली असेल.