टिंबापायी मागे राहिलेला विरामराव

मित्रांनो, मी एक जुनं कासव आहे. ‘जुनं’ नव्हे, ‘म्हातारं’ म्हणा, जुन्या असतात त्या वस्तू, असं आमच्या प्रुफवाल्यांनी मला लगेच सुनावलं असतं. पण ते आता नाहीत आणि मी वस्तूसारखाच एका कप्प्यात ठेवलेला आहे, तेव्हा जुनं म्हटलेलं चालेल. व्याकरणात कासव नपुंसकलिंगी, हे मला ठाऊक आहे. मात्र घरात मला ‘विरामराव’ म्हणायला लागले तेव्हापासून मी स्वतःला ‘तो’ समजतो. या वयात सवय बदलणं कठीण आहे.

जप्त केलेल्या प्राण्यांच्या सरकारी निवाऱ्यात माझा कप्पा चौदा नंबरचा. चार हात लांब, तीन हात रुंद, खाली सिमेंट, वर पत्रा, कोपऱ्यात पाण्याची परात. शेजारी तेरा नंबरात एक पोपट आहे. तो दिवसभर ‘दार लाव, दार लाव’ म्हणत असतो. कोणत्या घराचं दार, हे इथं कुणालाच माहीत नाही.

माझा जन्म एका शाळेच्या प्रयोगशाळेत झाला. वाळूने भरलेली पेटी आणि तिच्यावर लटकणारा बल्ब. अंड्यातून डोकं बाहेर काढलं तेव्हा तो बल्बच मला सूर्य वाटला, आणि खरा सूर्य पाहिल्यावर माझी थोडी निराशाच झाली, कारण तो फार लांब होता. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाई रोज मला काकडीची चकती द्यायच्या. शेजारीपाजारी त्यांना काकू म्हणत, म्हणून मीही काकूच म्हणेन. पुढे शाळा बंद पडली. बाटल्या एकाने नेल्या, सूक्ष्मदर्शक दुसऱ्याने, सांगाड्यालासुद्धा कुणीतरी घेणारं भेटलं. मला मात्र कुणी विचारेना. तेव्हा काकूंनी मला डब्याच्या पिशवीत घातलं. मुख्याध्यापकांनी शिक्का मारून पत्र दिलं, ‘शाळेत जन्मलेले एक जिवंत कासव आमच्या प्रयोगशाळा सहायक यांना सप्रेम भेट.’ हे पत्र लक्षात ठेवा.

काकूंचे यजमान छापखान्यात प्रुफं तपासायचे. सगळे त्यांना प्रुफवाले म्हणत. कानावर लाल पेन्सिल, नाकावर चष्मा आणि नजर अशी की लग्नाची पत्रिका हातात आली तरी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघणार, मग लग्न कुणाचं ते. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा त्यांनी सुधारलेली मी पाहिली आहे. काकू म्हणायच्या, ‘‘उद्या मी गेले आणि पेपरात बातमी आली, तर तीही तपासाल तुम्ही.’’

त्या घरात मी नोकरी केली, मित्रांनो. हसू नका. प्रुफवाले काम घरी आणत आणि पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत. एके दिवशी त्यांनी मला उचलून गठ्ठ्यावर ठेवलं. कागद हलले नाहीत, मीही हललो नाही. त्या दिवसापासून मी रुजू झालो. समोर बसून काकू मूळ लेख मोठ्याने वाचायच्या आणि प्रुफवाले छापलेल्या मजकुरावर पेन्सिल फिरवायचे. काही सुटू नये म्हणून काकू चिन्हंही वाचायच्या, ‘‘नदीला पूर आला स्वल्पविराम गाव वाहून गेलं पूर्णविराम.’’ वाक्य संपलं की त्या क्षणभर थांबायच्या, आणि त्या थांबण्यात मला काकडी मिळायची. होता होता असं झालं, की ‘पूर्णविराम’ कानावर पडला की माझी मान आपोआप बाहेर यायची. मग माझं नावच विरामराव पडलं. छापखान्याचे मालक एकदा मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, ‘‘माझी माणसं पूर्णविरामाला थांबत नाहीत हो, आणि हे कासव थांबतं!’’ प्रुफवाल्यांना त्या दिवशी काय अभिमान वाटला! ती वर्षं फार चांगली होती.

मग काकू आजारी पडल्या आणि चार महिन्यांत गेल्या. पेपरात बातमी आली, तिच्यात त्यांचं वय चुकलं होतं. प्रुफवाल्यांनी लाल पेन्सिलीने तो एक आकडा सुधारला, पेन्सिल खाली ठेवली आणि मग रडले. मी गठ्ठ्यावर होतो. मला काही करता आलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक समुद्रापलीकडच्या देशात राहते. ती रोज फोन करायची. ‘‘बाबा, एकटे काय राहताय? इकडे या.’’

‘‘येतो. पण विरामराव बरोबर येणार.’’

‘‘अहो, कासव आहे ते! ठेवा कुणाकडे तरी.’’

‘‘तुझ्या आईने ते कुणाकडे ठेवलं नाही,’’ प्रुफवाले म्हणाले. शेवटी लेकीनेच हार मानली.

इथून परवान्यांचं सुरू झालं. मला देशाबाहेर न्यायला इकडचा परवाना, तिकडे आत घ्यायला तिकडचा. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला. पाठीचा फोटो, पोटाचा फोटो, कारण आमच्या पोटावरच्या रेघा तुमच्या अंगठ्याच्या ठशासारख्या असतात म्हणे. मला उलटं धरून फोटो काढला, तो अपमान मी गिळला. मी रानातून पकडलेला नाही, याचा पुरावा हवा होता, तेव्हा ते शाळेचं पत्र कामाला आलं. सुताराने माझ्या मापाची पेटी केली, हवेला भोकं ठेवली, वर ‘ही बाजू वर’ असं लिहिलं. तरी परवाना येईना. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला आठ महिने लागले. एखादं काम रखडलं की तुम्ही ‘कासवाच्या गतीने’ म्हणता ना? एकदा त्या कार्यालयात जाऊन या आणि मग माझी माफी मागा.

विमानाला तीन दिवस उरले आणि परवाना आला. प्रुफवाल्यांनी पाकीट फोडलं, चष्मा पुसला आणि मला ऐकू जाईल असं वाचायला लागले. मधेच थांबले.

‘‘विरामराव, बघा यांची करामत. एक ‘जिंवत’ कासव! अनुस्वार ‘व’वर हवा तो ‘जि’वर दिलाय. जिवंत लिहिता येत नाही, आणि जिवंत प्राण्यांचे परवाने देतात!’’

कितीतरी दिवसांनी ते हसले. हसता हसताच त्यांचा हात कानाकडे गेला. चुकीचं टिंब त्यांनी लाल रेघेने उडवलं, ‘व’वर नेमकं टिंब दिलं आणि समासात दुरुस्तीची खूण केली, आयुष्यभर करत आले तशी. मग कागद उलटून मागची बारीक अक्षरंही वाचली. तिथं एकही चूक नव्हती, म्हणून त्यांनी समाधानाने कागद घडी करून ठेवला.

मी त्या वेळी गठ्ठ्यावर नव्हतो, पेटीत बसून बघत होतो. गठ्ठ्यावर असतो तरी काय केलं असतं म्हणा.

जायच्या दिवशी सकाळी घराची किल्ली घरमालकांच्या हातात दिली. दुपारी विमानतळावर एका टेबलाशी माझी पेटी ठेवली. टेबलामागे गणवेशातल्या एक बाई होत्या. त्यांनी परवाना उजेडात धरला.

‘‘हे लाल कोणी केलं?’’

‘‘मी,’’ प्रुफवाले म्हणाले. ‘‘चूक होती. दुरुस्त केली.’’ मला वाटतं, त्यांना शाबासकीची अपेक्षा होती.

‘‘काका, यावर काही लिहायचं नसतं. मागे बघा.’’ बाईंनी कागद उलटला आणि बोट ठेवून वाचलं, ‘‘खाडाखोड असलेला परवाना रद्द समजला जाईल.’’

‘‘हे वाचलंय मी.’’

‘‘वाचलंत आणि तरी?’’

प्रुफवाल्यांनी ती ओळ खरोखरच वाचली होती. अक्षर न् अक्षर वाचली होती. पण चाळीस वर्षं ते ओळीत चूक शोधत आले होते. ओळ काय म्हणते आहे, तिकडे लक्ष द्यायची त्यांना सवयच उरली नव्हती.

‘‘अहो, एक टिंब आहे फक्त,’’ ते म्हणाले. ‘‘मी ते खोडून टाकतो. पहिल्यासारखं चुकीचं करून देतो.’’

अख्ख्या जन्मात एखादा शब्द मुद्दाम चुकवायला तयार झाले ते त्याच वेळी, माझ्यासाठी. बाईंना वाईट वाटलं, ते मी पाहिलं. त्यांनी वरच्या साहेबांना फोन केला. साहेब नाही म्हणाले. नवा अर्ज करा, तोवर प्राणी निवाऱ्यात राहील.

प्रुफवाले म्हणाले, ‘‘मग मीही जात नाही.’’ पण त्या देशात शिरायची त्यांना दिलेली मुदत दोन दिवसांत संपत होती आणि इथं परतायला घर नव्हतं. फोनवर लेक रडत होती, ‘‘बाबा, तुम्ही या हो. त्याचं आपण मागाहून बघू.’’

शेवटी ते पेटीपाशी गुडघ्यांवर बसले. भोकाला तोंड लावून हळूच म्हणाले, ‘‘विरामराव, हा नुसता स्वल्पविराम आहे बरं का. स्वल्पविराम.’’

मित्रांनो, ही गोष्ट सांगताना मला अजून लाज वाटते. मी मान बाहेर काढली नाही. मला एकच शब्द शिकवला होता आणि तो त्यांनी उच्चारला नाही. पेटी हादरली होती, आवाज अनोळखी होते, मी भेदरून कवचात बसून राहिलो. ते थोडा वेळ वाट बघत होते. मग त्यांची पावलं लांब गेली.

निवाऱ्यातल्या राखणदाराने मला या कप्प्यात सोडलं. तो माणूस वाईट नाही. पाला वेळेवर टाकतो, आठवड्यातून एकदा परात घासतो. पण त्याच्याकडे एकेचाळीस कप्पे आहेत आणि तो कामात कुणाशी बोलत नाही. प्रुफवाल्यांचा नवा अर्ज गेला, फोटो पुन्हा काढले, पुन्हा मला उलटं धरलं. एक वर्ष गेलं, वर दोन महिने गेले. मग एका सकाळी राखणदार कागद घेऊन आला. परवाना आला होता. त्याने तो माझ्यासमोर धरून वाचला. ‘जिवंत’ हा शब्द अगदी बरोबर लिहिला होता.

त्याने लेकीला फोन लावला. बोलणं मला ऐकू येत होतं. ती म्हणाली, ‘‘बाबा गेले हो. तीन आठवडे झाले.’’ मग म्हणाली, ‘‘इथं आल्यापासून पेपर रोज वाचायचे, पण पेन्सिल कधी हातात घेतली नाही. चूक दिसली की पान उलटायचे.’’

परवाना प्रुफवाल्यांच्या नावाचा होता. नाव बदलायचं तर सगळं पहिल्यापासून करायला हवं. लेक म्हणाली, बघते. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मी तिला दोष देत नाही. तिने बाप गमावलाय, आणि तिच्या दृष्टीने मी एक कासव आहे, ज्याच्यापायी बापाचं शेवटचं वर्ष झुरण्यात गेलं.

आम्ही फार जगतो, मित्रांनो. आम्हाला घरी आणता तेव्हा एवढं आधी ध्यानात घ्या. तुमची बदली होईल, तुम्ही गाव सोडाल, देश सोडाल, एक दिवस जगही सोडाल, आणि आम्ही तिथंच पाला खात बसलेले असू. तेव्हा आमचे कागद जपा, आणि त्यांच्यावरची अक्षरं चूक की बरोबर हे बघण्याआधी ती काय सांगताहेत ते बघा. एवढंच मला सांगायचं होतं.

आणखी एक मागणं आहे. निवाऱ्यात रविवारी शाळेतली मुलं येतात. कप्प्यापाशी उभी राहतात, काडीने कवच टोचतात, ‘मेलंय वाटतं’ म्हणतात आणि पोपटाकडे जातात. तुम्ही आलात तर काडी आणू नका. काकडीही नको. वाकून एकच शब्द मोठ्याने म्हणा, पूर्णविराम. तो ऐकला की मी मान बाहेर काढीन. इतकी वर्षं झाली तरी काढीन.